मेंदूतील इलेक्ट्रोडवरचा निळा लेप : इम्पिडन्स उतरतो, पण लेप टिकतो का?

निळीशाई (धागाकर्ती)

गेली सहा वर्षे मी चेतापेशींचे संकेत टिपणाऱ्या सूक्ष्म इलेक्ट्रोडांवर विद्युतवाहक बहुवारिकाचा (पॉलिमरचा) लेप चढवण्याचे काम करते आहे. या विषयावरच्या बातम्यांत एक गोष्ट हमखास ठळक छापली जाते, ती म्हणजे लेप दिला की इलेक्ट्रोडचा इम्पिडन्स, म्हणजे बदलत्या प्रवाहाला होणारा एकूण विरोध, शंभर पटींनी उतरतो. ते खरे आहे. तो का उतरतो हे मी आधी सांगते, पण धागा काढण्याचे कारण वेगळे आहे. पहिल्या दिवशी उतरलेला इम्पिडन्स हे या कामातले सर्वांत सोपे यश आहे आणि लेप धातूला वर्षानुवर्षे धरून राहणे हे सर्वांत अवघड, असे माझे मत झाले आहे. आपल्या क्षेत्रात मात्र पहिल्याचाच आलेख दाखवला जातो.

धातूचा इलेक्ट्रोड शरीरातील खारट द्रवात ठेवला की धातूतील इलेक्ट्रॉन आणि द्रवातील आयन सीमेवर समोरासमोर उभे राहतात. दोघांची गाठ फक्त पृष्ठभागावर पडते. दर चौरस सेंटीमीटरला साधारण २० मायक्रोफॅरड एवढी या सीमेची धारकता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) धरली, तर १५ मायक्रोमीटर व्यासाच्या सोन्याच्या ठिपक्याच्या वाट्याला जेमतेम ३५ पिकोफॅरड येतात आणि १ किलोहर्ट्झला त्याचा इम्पिडन्स साडेचार मेगाओहमच्या घरात जातो. विद्युतवाहक बहुवारिकात आयन पृष्ठभागावर थांबत नाहीत, ते आत शिरतात. त्यामुळे विद्युतभार साठवायला थराची संपूर्ण जाडी उपयोगी पडते. पेडॉट-पीएसएस या बहुवारिकाची धारकता मालियारास यांच्या गटाने २०१५ मध्ये दर घन सेंटीमीटरला सुमारे ३९ फॅरड अशी मोजली. त्या हिशेबाने त्याच ठिपक्यावर १ मायक्रोमीटर जाडीचा थर दिला, तर धारकता ७ नॅनोफॅरडच्या आसपास जाते, म्हणजे सुमारे दोनशे पट. क्षेत्रफळ तेवढेच राहते आणि धारकता वाढते. लेपाचे सगळे आकर्षण यातच आहे.

लेप चढताना पाहणे मला आजही आवडते. ज्याचे रेणू साखळीत जोडले की पेडॉट बनते ते ईडॉट हे मूळ रसायन पाण्यात फार विरघळत नाही, म्हणून त्याचे विरळ द्रावण घेतात, त्यात पीएसएस हे विद्युतभारित दुसरे बहुवारिक मिसळतात आणि इलेक्ट्रोडमधून अगदी थोडा, स्थिर प्रवाह सोडतात. सूक्ष्मदर्शकाखाली सोन्याच्या पिवळ्या ठिपक्यावर आधी फिकट निळी झाक येते, मग ती गडद होत जाते आणि काही मिनिटांत ठिपका जवळजवळ काळा दिसू लागतो.

आता लेप सुटण्याविषयी. माझ्या पहिल्या वर्षी आम्ही लेप दिलेले इलेक्ट्रोड आणि सोबत चाचणीसाठी सोन्याच्या पट्ट्या ६० अंश सेल्सिअसच्या क्षारद्रावणात ठेवल्या होत्या, कारण शरीरापेक्षा गरम द्रावणात झीज लवकर दिसते. रोज सकाळी मी इम्पिडन्स मोजत असे आणि आकडे इतके स्थिर होते की अहवालाचा मसुदाही तयार झाला होता. तिसऱ्या आठवड्यात मी कुपी उजेडासमोर धरली, तेव्हा तळाशी निळसर काळे पोपडे तरंगताना दिसले. घाईने इलेक्ट्रोड सूक्ष्मदर्शकाखाली घेतले, तर अर्ध्याअधिक ठिपक्यांवरचा लेप उन्हात वाळणाऱ्या पापडाच्या कडेसारखा उचलून वळला होता. त्याच सकाळी त्याच ठिपक्यांचे आकडे उत्तम आले होते, कारण एका कडेने चिकटून राहिलेला लेपसुद्धा द्रावणात आयन घेतोच. आकडा चांगला येतो म्हणून लेप शाबूत आहे, हा निष्कर्ष मी त्या दिवसापासून काढत नाही.

ज्यांनी या प्रकारचे काम केले आहे किंवा ज्यांच्या घरात कोणाला असे उपकरण बसवले आहे, त्यांनी अवश्य लिहावे.


संकेतशोधक

उत्तम विषय. मी प्रवर्धकांच्या (ॲम्प्लिफायरच्या) बाजूचा माणूस आहे, त्यामुळे गोंगाटाच्या दृष्टीने थोडी भर घालतो. कोणत्याही रोधात उष्णतेमुळे आपोआप गोंगाट निर्माण होतो आणि तो रोधाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. शरीराच्या तापमानाला, १० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात, १ मेगाओहम रोधाचा गोंगाट सुमारे १३ मायक्रोव्होल्ट येतो. तोच रोध ५० किलोओहम असेल तर ३ मायक्रोव्होल्टहूनही कमी. चेतापेशीचा बाहेरून टिपलेला ठोका अनेकदा ५० ते १०० मायक्रोव्होल्टचा असतो आणि पेशी जरा लांब असेल तर त्याहून लहान. म्हणजे लेपामुळे जवळच्या मोठ्या पेशीचे फारसे बदलत नाही, पण आतापर्यंत गोंगाटात बुडणारी लांबची पेशी दिसू लागते. शिवाय लांब तारांच्या धारकतेमुळे संकेताचा जो भाग गळून जातो, तोही इम्पिडन्स कमी असला की वाचतो.

माझा प्रश्न असा आहे की थर जाड केल्याने धारकता वाढत असेल, तर १ मायक्रोमीटरवर का थांबायचे? पाच का नको?


निळीशाई

पाचने जवळपास काहीच मिळत नाही आणि बरेच काही गमावते. ठिपक्यापासून निघालेला प्रवाह खारट द्रवात पसरताना जो रोध लागतो, तो लेपाने कमी होत नाही. १५ मायक्रोमीटर व्यासाच्या चकतीसाठी तो सुमारे २३ किलोओहम येतो, कारण तो द्रवाच्या रोधकतेवर आणि चकतीच्या त्रिज्येवर अवलंबून आहे. गंमत अशी की १ मायक्रोमीटर लेपाच्या धारकतेचा वाटाही १ किलोहर्ट्झला तेवढाच, २३ किलोओहम निघतो. म्हणजे त्या जाडीला आपण जवळपास तळाशी पोहोचलेलो असतो. त्यापुढे थर पाचपट जाड केला तरी एकूण आकडा फार तर तीस टक्क्यांनी उतरतो, आणि थर जेवढा जाड तेवढा तो फुगताना सीमेवर ताण जास्त. माझ्या अनुभवात सर्वांत आधी पोपडे धरतात ते जाड थर. कडेला तर थर इन्सुलेशनवर ओसंडून वाढतो आणि तिथूनच उचलायला लागतो.


जाईजुई

विषय पूर्ण समजला असे म्हणू शकत नाही, पण जिव्हाळ्याचा आहे म्हणून विचारते. माझ्या वडिलांना कंपवात आहे आणि चार वर्षांपूर्वी त्यांच्या मेंदूत खोलवर उत्तेजन देणारे उपकरण बसवले. त्यांचा हात आता चहाचा कप न सांडता धरू शकतो, हे आमच्यासाठी फार मोठे आहे. पुढच्या वर्षी छातीतली बॅटरी बदलायची आहे. त्यांच्या तारेवर असा लेप असतो का? नसेल तर तो असलेली तार घालून घेण्याचा आग्रह आम्ही धरावा का? आणि तुम्ही ज्या पोपड्यांविषयी लिहिले आहे, ते वाचून थोडी भीतीही वाटली.


शिरोवैद्य

जाईजुई, आधी भीतीविषयी लिहितो. प्रचलित खोल मेंदू उत्तेजनाच्या तारांवरचे संपर्क प्लॅटिनम-इरिडियम या मिश्रधातूचे, उघडे असतात. त्यांवर बहुवारिकाचा लेप नसतो, त्यामुळे वर वर्णन केलेले पोपडे तुमच्या वडिलांच्या बाबतीत संभवत नाहीत. ग्रेनोबलमध्ये बेनाबिद यांनी १९८७ मध्ये ही पद्धत सुरू केली तेव्हापासून हाच धातू या कामात टिकून आहे.

आता लेपाची गरज का नाही ते पाहा. नेहमीच्या तारेवरचा एक संपर्क दीड मिलिमीटर उंचीचा आणि १.२७ मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे सुमारे ६ चौरस मिलिमीटरचा असतो. समजा ३ मिलिॲम्पिअर प्रवाह ६० मायक्रोसेकंद दिला, तर उत्तेजनाच्या एका ठोक्यात ०.१८ मायक्रोकुलोम विद्युतभार जातो आणि तो एवढ्या क्षेत्रावर वाटला की दर चौरस सेंटीमीटरला फक्त ३ मायक्रोकुलोम येतात. उघडे प्लॅटिनम पाण्याचे विघटन न होऊ देता दर चौरस सेंटीमीटरला ५० ते १५० मायक्रोकुलोम सहज पेलते. त्या आकाराच्या संपर्काचा रोधही मुख्यतः भोवतालच्या ऊतकाचा असतो, त्यामुळे लेप देऊन तो विशेष घटणार नाही.

बॅटरी बदलताना डोक्यातील तार सहसा तशीच ठेवतात. चांगली बसलेली आणि काम करणारी तार केवळ नव्या पदार्थासाठी काढणे मला कोणत्याही अर्थाने योग्य वाटत नाही. वडिलांच्या उपचार करणाऱ्या डॉक्टरांना बॅटरीचे आयुष्य, पुनर्भारित होणारी बॅटरी घ्यावी का, आणि उत्तेजनाचे सध्याचे आकडे काय आहेत, हे तीन प्रश्न अवश्य विचारा.


जाईजुई

मनापासून आभार, डॉक्टर. आकडेमोड उलगडून सांगितलीत त्यामुळे मला ती आईलाही समजावता आली. वहीत तीनही प्रश्न लिहून ठेवले आहेत.


निळीशाई

शिरोवैद्यांचा हिशेब मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण लेपाची गरज आकारावरून ठरते हे त्यातून स्पष्ट होते. हाच हिशेब सूक्ष्म ठिपक्यासाठी करून पाहावा. ५ मायक्रोॲम्पिअरचा अगदी क्षीण प्रवाह २०० मायक्रोसेकंद दिला तर फक्त १ नॅनोकुलोम जातो. पण तो १५ मायक्रोमीटरच्या ठिपक्यावर एकवटला की दर चौरस सेंटीमीटरला साधारण ५६५ मायक्रोकुलोम होतात. प्लॅटिनमची मर्यादा इथे कधीच ओलांडली गेली. हायड्रोजन सुटू लागतो, पीएच बदलतो, धातू विरघळू लागतो आणि शेजारच्या पेशी मरतात. इरिडियम ऑक्साइड किंवा पेडॉट यांना हा भार पेलतो, कारण तो चौरस सेंटीमीटरमागे काही मिलिकुलोमपर्यंत झेपतो. दृष्टिपटलावर बसणाऱ्या सूक्ष्म इलेक्ट्रोडांना किंवा स्पर्शाची जाणीव परत देण्यासाठी मेंदूच्या सालीत (कॉर्टेक्समध्ये) घालायच्या इलेक्ट्रोडांना लेपाची गरज पडते ती इथे. एकेक पेशीसमूह वेगळा छेडायचा असेल तर ठिपका लहानच ठेवावा लागतो आणि लहान ठिपक्याला उघडा धातू पुरत नाही.

मात्र इथेही एक पथ्य आहे. पेडॉटला फार धन विभव दिला तर त्याची साखळी अतिऑक्सिडीकृत होते, वाहकता कायमची जाते आणि लेप नुसताच प्लास्टिकचा पापुद्रा उरतो.


बेन्झीनवलय

रसायनशास्त्राच्या बाजूने काही लिहितो. १९७७ मध्ये शिराकावा, मॅकडायर्मिड आणि हीगर यांनी पॉलिॲसिटिलीनला आयोडीनची वाफ देऊन ते धातूसारखे वाहक केले आणि २००० मध्ये त्यांना नोबेल मिळाले, हे सर्वपरिचित आहे. पण पॉलिॲसिटिलीन हवेतही टिकत नाही, शरीरात तर नाहीच. चेता-इलेक्ट्रोडांवर आधी पॉलिपायरोल वापरले गेले. मिशिगनमध्ये डेव्हिड मार्टिन आणि ट्रेसी कुई यांनी त्यात पेशींना चिकटण्यास आवडणारे प्रथिनांचे तुकडे गुंफून पाहिले. पॉलिपायरोलची अडचण अशी की त्याच्या रेणूतील वलयावर मोकळ्या जागा राहतात, तिथे साखळीला फाटे फुटतात आणि ऑक्सिजनही तिथेच हल्ला करतो. शरीराने परक्या वस्तूभोवती दाह सुरू केला की पेशी हायड्रोजन पेरॉक्साइड सोडतात आणि पॉलिपायरोलची वाहकता ओसरू लागते. पेडॉटमध्ये नेमक्या त्या दोन जागा ऑक्सिजनच्या पुलाने बंद केलेल्या असतात. हे बहुवारिक १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात जर्मनीत बायर कंपनीत तयार झाले आणि त्याचा पहिला मोठा उपयोग छायाचित्रणाच्या फिल्मवर स्थितिक विद्युत साचू नये म्हणून झाला. फिल्मसाठी घडवलेला पदार्थ मार्टिन यांच्या गटाने २००३ च्या सुमारास मेंदूच्या इलेक्ट्रोडवर आणला, हा प्रवास मला नेहमी थक्क करतो.

आता चिकटण्याविषयी. माझी आजी कल्हईवाल्याला दारात बसवून त्याचे काम लक्ष देऊन पाहत असे. भांडे वाळूने घासले नाही, तापवून नवसागर फिरवला नाही आणि तशीच कल्हई दिली, तर ती चकचकते खरी, पण महिन्याभरात निघते. आपल्या लेपाचे तेच आहे, आणि शिवाय एक जास्तीची अडचण आहे. कथील तांब्याशी मिश्रधातू करून धरते, तर सोने आणि प्लॅटिनम हे राजधातू असल्याने बहुवारिकाशी कोणताच रासायनिक बंध जोडत नाहीत. उत्तेजनाच्या प्रत्येक ठोक्याला आयन पाणी घेऊन आत-बाहेर करतात, लेप फुगतो आणि आकसतो, खालचा धातू मात्र जागच्या जागी राहतो. कोट्यवधी ठोक्यांनंतर सीमा सुटली नाही तरच नवल.

उपाय दोन दिशांनी झाले आहेत. एक म्हणजे पृष्ठभाग खरबरीत करून लेपाला पकड देणे. जर्मनीतील फ्रायबुर्गच्या गटाने २०१७ मध्ये इरिडियम ऑक्साइडचा किंवा सूक्ष्मरचना असलेल्या प्लॅटिनमचा थर आधी देऊन त्यावर पेडॉट चढवले आणि टिकाऊपणा फार सुधारतो असे दाखवले. दुसरी दिशा रासायनिक नांगराची आहे. धातूच्या ऑक्साइडला धरणारा आम्लगट ईडॉटच्या रेणूलाच जोडायचा, किंवा एमआयटीत २०२० मध्ये केले तसे अतिपातळ पॉलियुरेथेनचा थर मध्ये घालायचा. मला स्वतःला पहिली दिशा जास्त भरवशाची वाटते, कारण सेंद्रिय बंध ओलाव्यात वर्षे काढताना कधी जलविघटित होईल याचा नेम नसतो.


प्रथमसंशोधक

मी या क्षेत्रात नुकताच आलो आहे. आमच्या उंदरांतील इलेक्ट्रोडांचा इम्पिडन्स रोपणानंतर दोन आठवडे चढला आणि मग हळूहळू उतरत मूळ आकड्याच्याही खाली गेला. लेप काळाबरोबर सुधारतो, असे याचे स्पष्टीकरण देता येईल का?


निळीशाई

कृपया तसे लिहू नका. सुरुवातीची चढण बहुतेक वेळा ऊतकाची असते. सुईने पेशी चिरडल्या जातात, लहान रक्तवाहिन्या फाटतात, मायक्रोग्लिया या मेंदूतील सफाई व संरक्षण करणाऱ्या पेशी धावून येतात आणि नंतर ॲस्ट्रोसाइट पेशी भोवती दाट व्रण विणतात. नंतरची उतरण व्रण आटोपशीर झाल्याची असू शकते, पण आकडा मूळच्याही खाली गेला तर माझा पहिला संशय इन्सुलेशनवर जाईल. पॅरिलिन किंवा पॉलिइमाइड या इन्सुलेशनच्या प्लास्टिकला भेग पडली की ठिपक्याभोवतीचा धातू उघडा पडतो, क्षेत्रफळ वाढते आणि इम्पिडन्स उतरतो. बिघाड यशासारखा दिसतो. एकट्या १ किलोहर्ट्झचा आकडा न पाहता १ हर्ट्झ ते १०० किलोहर्ट्झपर्यंतचा पूर्ण वर्णपट घ्या, विशेषतः कला-कोन (प्रवाह आणि विभव यांतील अंतर, फेज) पाहा, आणि चेतापेशींचे ठोके किती वाहिन्यांवर दिसतात याच्याशी तो ताडून पाहा. इम्पिडन्स उतरला आणि ठोकेही नाहीसे झाले, तर लेपाचे कौतुक करण्याची ती वेळ नव्हे. प्राणी संपल्यावर इलेक्ट्रोड फेकू नका, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली अवश्य ठेवा.


बेन्झीनवलय

एका प्रचलित विधानाला मला हरकत घ्यायची आहे. बहुवारिक मऊ असते, मेंदूही मऊ असतो, म्हणून लेपाने दोघांतील कठीणपणाची दरी बुजते, असे अनेक प्रबंधांच्या प्रस्तावनेत असते. मेंदूचा स्थितिस्थापकता गुणांक, म्हणजे कठीणपणाचे माप, काही किलोपास्कल असतो, सिलिकनचा दीडशे गिगापास्कलच्या वर, आणि कोरड्या पेडॉट-पीएसएसचा सुमारे १ ते ३ गिगापास्कल. म्हणजे तो सिलिकनपेक्षा शंभर पट मऊ असला तरी मेंदूपेक्षा लक्षावधी पट कठीणच. त्यातून १ मायक्रोमीटरचा थर कडक सुईवर दिला, तर श्वासागणिक हलणाऱ्या मेंदूला टोचते ती सुईच. दरी बुजवायची असेल तर सुईच लवचिक करावी लागते, किंवा बहुवारिक जलजेलमध्ये (पाण्याने फुगलेल्या मऊ जाळ्यात) विणावे लागते.


संकेतशोधक

याला पूर्ण सहमती. न्यूयॉर्कमध्ये बुझाकी, खोदाघोली आणि गेलिनास यांनी २०१५ मध्ये अवघ्या ४ मायक्रोमीटर जाडीच्या पॅरिलिनवर पेडॉटचे ठिपके काढले. तो पडदा मेंदूच्या सालीवर ओल्या रेशमासारखा बसतो आणि आत न शिरता वरूनच एकेका पेशीचे ठोके टिपतो. त्याच अभ्यासात अपस्माराच्या रुग्णांत शस्त्रक्रियेदरम्यानही तो वापरला गेला. तिथे लेप काही तासच टिकायला हवा असतो, म्हणून मला वाटते की माणसांत पेडॉट आधी अशाच अल्पकाळच्या वापरात रुळेल.


शिरोवैद्य

शस्त्रक्रियागृहातून पाहता तेच योग्य आहे. तासाभराच्या नोंदीनंतर पडदा काढून टाकता येतो. जे आत कायम राहणार आहे त्याविषयी माझा रुग्ण मला दहा वर्षांनंतरचा प्रश्न विचारतो. सुटलेला पोपडा कुठे जातो, मायक्रोग्लिया तो गिळतात का, गिळून त्यांचे काय होते?


निळीशाई

डॉक्टर, तुमचा शेवटचा प्रश्न माझ्याही डोक्यात घर करून आहे. पेशीविषाक्ततेची नेहमीची चाचणी शाबूत लेपाच्या अर्कावर होते आणि त्यात पेडॉट चांगले उत्तीर्ण होते. पण झिजून निघालेल्या कणांची चाचणी वेगळी करायला हवी, आणि ती मी आता करते आहे. ६० अंशांच्या कुपीतला द्रव गाळून कण वेगळे करायचे, त्यांची आकारमाने मोजायची आणि तेच कण संवर्धित मायक्रोग्लियांना घालायचे. दर दहा अंशांना झीज दुप्पट होते असे ढोबळ गणित धरले, तर त्या कुपीतला एक महिना शरीरातल्या सुमारे पाच महिन्यांएवढा. हे गणित बहुवारिकाच्या फुगण्याला कितपत लागू पडते याची मला खात्री नाही, म्हणून ३७ अंशांवरही तोच संच ठेवला आहे.

प्रथमसंशोधक, तुम्हाला हवे असेल तर नोंदवहीचा तक्ता पाठवते. त्यात इम्पिडन्सच्या शेजारी एक रकाना फक्त कुपी उजेडासमोर धरून काय दिसले हे लिहिण्यासाठी आहे, आणि तो रोज आकडा मोजण्याच्या आधी भरायचा असतो.